पाववाल्यांचा तोफखाना

४ फेब्रुवारी

हो म्हणून बसले. आता निस्तरा!

कर्नलसाहेब स्वतः शाळेत आले होते. रेजिमेंटचा इतिहास लिहून हवाय – कुठून आली, कशी वाढली, कोणकोणत्या लढाया, सगळी वंशावळ. आधी एका निवृत्त अधिकाऱ्याला काम दिलं होतं म्हणे. त्यांनी रेजिमेंट बाजूला ठेवून स्वतःचंच चरित्र लिहायला घेतलं. म्हणून मग मी. इतिहास शिकवणारी बाई, त्यात जुन्या तोफचीची मुलगी – एका दगडात दोन पक्षी.

बाबा खूश. उजव्या बाजूला बसून सांगावं लागलं. डावा कान त्यांनी केव्हाच तोफेला देऊन टाकलाय. आई भाजी चिरत होती. खाली बघूनच म्हणाली, "चौकाचं लिहिणार आहेस का?"

६ फेब्रुवारी

चौकाचं. आपल्या घरात एवढंच म्हणतात. पुढचं कोणी बोलत नाही.

आईचं माहेर तासाभरावरच्या गावात. तिथल्या नदीकाठच्या चौकात, चार पिढ्यांपूर्वी, धान्य महागलं म्हणून लोक जमले होते. हातात रिकाम्या पिशव्या. तेव्हाच्या सरकारने तोफा आणल्या. आईच्या पणजोबांचे दोन भाऊ त्यात गेले. तोफा कोणाच्या? बाबांच्या रेजिमेंटच्या. नंबर तोच. म्हणजे बाबांचा तेव्हा जन्मही नव्हता, पण नंबर तोच!

आईने बाबांशी लग्न केलं ते सगळ्या माहेराला अंगावर घेऊन. मामा लग्नाला आला नाही. आजतागायत आमच्या घराचा उंबरा त्याने ओलांडलेला नाही. आई माहेरी जाते, मीही जाते. बाबा स्टँडपर्यंत पोचवतात आणि बस हलली की मागे फिरतात. चिडून नव्हे. सवयीने.

मामा वाईट नाही. त्याच चौकात घड्याळं दुरुस्त करतो. मला लाडाने 'मास्तरीण' म्हणतो. बाबांचा विषय निघाला की भिंग डोळ्याला लावतो आणि वाकतो.

११ फेब्रुवारी

रेजिमेंटच्या संग्रहाच्या खोलीत दिवस गेला. भिंतीवर लाकडी फलक, सोनेरी अक्षरांत लढायांची नावं. सगळ्यात वर खिंडीची लढाई, चौकाच्याही आधीची. बाबांनी ती मला लहानपणी इतक्यांदा सांगितली की मला वाटायचं, तिथे तेच होते.

चौक अर्थातच फलकावर नाही. जुन्या छापील माहितीपुस्तिकेत एक ओळ सापडली – 'शहरात शांतता प्रस्थापित केली.'

शांतता. हो, झालीच असणार.

१९ फेब्रुवारी

कर्नलसाहेबांना सरळ विचारलं, चौकाचं काय करू? वाटलं, आता गुळमुळीत काहीतरी ऐकायला मिळणार. ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. म्हणाले, तरुण असताना मला त्या गावी स्मृतिदिनाला फूल वाहायला पाठवलं होतं. कोणी हटकलं नाही, कोणी बोललं नाही. मी पुढे गेलो तसे लोक बाजूला झाले, गटारातला उंदीर बघून होतात तसे. मग म्हणाले, "लिहा, बाई. फक्त खरं आहे याची आधी खात्री करून घ्या."

खात्री! त्यात खात्री कसली करायची? सगळ्या जगाला माहीत आहे. तरी करते. मुलांना वर्गात हेच तर सांगते – ऐकीव ते ऐकीव.

२६ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या वही उघडली.

सैन्याच्या मुख्य अभिलेख कार्यालयात गेले होते. तिथल्या बाई, डोक्याला लोकरी टोपी, सर्दीने नाक लाल. रेजिमेंटचा नंबर सांगितला, चौकाचं साल सांगितलं. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ते तुमचे नव्हेत हो."

मला कळेना. त्यांनी खुर्ची ओढून दिली, समजावून सांगितलं. चौकात तोफा डागल्या ती जुनी रेजिमेंट पुढे काही वर्षांनी मोडली. माणसं घरी गेली, तोफा वितळवल्या. नंबर पडून राहिला – एक अख्खी पिढी. मग मोठं युद्ध आलं, घाईघाईने नवा तोफखाना उभारला आणि हा पडून असलेला नंबर त्याला दिला. जुन्यातला एक माणूस नाही, एक चाक नाही, खिळाही नाही. नवी भरती कुठली? बंदराजवळच्या भट्ट्यांमधले पाववाले, गाडीवान, आणि एक न्हावी! पहिल्या कमांडरला भाषणाची हौस. त्यांनी उभारणीच्या दिवशी 'आपली थोर जुनी परंपरा' असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून तीच परंपरा.

विचारलं, हे लपवलं कोणी?

"लपवलं कोणी नाही. विचारलं कोणी नाही."

बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढली.

२ मार्च

पुन्हा जाऊन आले, दुसऱ्या दोन जाणत्यांकडूनही तपासून घेतलं. पक्कं आहे. मगच कर्नलसाहेबांना सांगितलं.

मनाची तयारी करून गेले होते. खिंड जाणार, रेजिमेंटचं वय निम्म्यावर येणार, फलक खाली उतरणार – माणूस भडकला तर नवल नाही. ते खुर्चीत मागे रेलले आणि पोट धरून हसले. "म्हणजे आमचे पणजोबा पाववाले!" मग चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्या दिवशी फूल वाहताना मी मान खाली घातली, ती घालायचं कारण नव्हतं तर.

३ मार्च

बाबांना अजून सांगितलेलं नाही. खिंड त्यांच्याकडून काढून घ्यायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा दात काढायचा.

५ मार्च

सांगितलं. उजव्या कानाशी, एकेक वाक्य.

खिंडीचं ऐकून त्यांनी मान हलवली, जणू कोणी दूरचं वारलं. मग विचारलं, "आणि चौक?"

चौकही नाही, बाबा. ते तुम्ही नव्हता. तुमचं कोणीच नव्हतं.

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग उठून अंगणात गेले, एक फेरी मारली, आत आले, पुन्हा विचारलं – नक्की? नक्की. मग म्हणाले, "इतकी वर्षं तुझ्या आईच्या हातून पानात वाढून घेताना मला ते दोघं दिसायचे. पणजोबांचे भाऊ. चेहरे माहीत नाहीत, तरी दिसायचे."

हे मला कधीच माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. ती दारात उभी होती.

६ मार्च

बाबा दुपारी झोपले. चक्क घोरत! आई म्हणते, लग्न झाल्यापासून हा माणूस दिवसा कधी झोपलेला तिने पाहिला नाही. घर कसं सैल झाल्यासारखं वाटतंय – घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं.

आई भांडी घासताना मध्येच थांबली आणि हसायला लागली. म्हणे, "पाववाल्याशी लग्न लावून दिलं असतं की माझ्या बापाने. नुसतं सांगायला हवं होतं."

१० मार्च

आनंदाच्या भरात मामाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे फक्त घड्याळांची टिकटिक. मग मामा म्हणाला, "बरं झालं. म्हणजे आता त्याचं कोणीच नाही म्हणायचं."

कशाचं कोणी नाही?

"अगं, जे झालं त्याचं. त्याचा जाब विचारायला. शिव्या द्यायला तरी एक नंबर होता."

फोन ठेवला. बाबांनी काय झालं विचारलं तेव्हा खोटं बोलायला हवं होतं, जमलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. आज दुपारी ते झोपले नाहीत.

१४ मार्च

चौकातला स्मृतिदिन. सकाळी बाबा रेजिमेंटचा कोट घालून तयार. बिल्ले लावलेले, बूट लख्ख. आईने विचारलं, कुठे? म्हणाले, तुझ्या माहेरी. आई आपली चप्पल शोधायला लागली.

बसमध्ये मी त्यांना समजावत होते – कोट तरी काढा, आता काही संबंध नाही, उगाच लोक चिडतील. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

चौक लहानच आहे. मी शंभरदा पाहिलाय, पण बाबांच्या बाजूने चालताना केवढा मोठा वाटला. कोट ओळखून कुजबुज झाली. वाट मोकळी झाली, कर्नलसाहेबांनी सांगितली तशीच. बाबांनी दगडापाशी फुलं ठेवली. सलाम केला नाही. नुसती मान खाली घालून उभे राहिले, त्यांचे गुडघे दुखतात तरी बराच वेळ.

मामा दुकानाच्या पायरीवरून खाली आला. मला वाटलं, आता होतंय काहीतरी. तो बाबांसमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दोघं इतके जवळ.

मामा म्हणाला, "आता कशाला आलात? तुमचा काही संबंध नाही म्हणे."

मी उत्तर द्यायला पुढे झाले. बाबांनी हाताने मला मागे केलं.

"संबंध होता तोवर यायची छाती झाली नाही," बाबा म्हणाले. "माफी मागितली तर कबुली होईल, रेजिमेंटचं नाव जाईल, असं वाटायचं. आता नाही म्हणतात, तर येता आलं. तुम्ही म्हणालात ना, कोणीच नाही. मग मला धरा."

मामाने तोंड फिरवलं. खिशातून रुमाल काढला आणि हातातलं भिंग पुसत बसला. पुसून पुसून झिजवलं असेल.

परतीच्या बसला मात्र आम्हाला पोचवायला आला. तिघांनाही.

१७ मार्च

बाबा कर्नलसाहेबांना भेटून आले. माझ्याशिवाय, न विचारता. काय म्हणाले ते साहेबांनीच मला फोनवर सांगितलं – खिंड फलकावरून उतरवा, ती आपली नाही, दुसऱ्याच्या पराक्रमावर किती दिवस जेवायचं. पण चौक ठेवा. चौक आपण दत्तक घ्यायचा.

साहेब थोडे गोंधळले होते. मला म्हणाले, बाई, वंशावळीत हे बसवायचं कसं? मी म्हटलं, घराण्यात बसवतात तसंच. दत्तकाचंही नाव लिहितातच की.

म्हणाले, लिहा मग.

२१ मार्च

पाववाल्यांचं प्रकरण लिहून झालं. झकास जमलंय. न्हाव्यासाठी वेगळा परिच्छेद.

२३ मार्च

मामा आला. आमच्या घरी. दारात जरा अडखळला, मग आत. आईने पाट-पाणी करताना दोन वाट्या फोडल्या. जेवताना बोलणं हवापाण्याचंच. निघताना चपला घालत बाबांच्या उजव्या बाजूला गेला – आईने सांगितलं असणार – आणि म्हणाला,

"दाजी, पुढच्या वर्षी एकटे येऊ नका. एक तोफ घेऊन या. तोंड तेवढं नदीकडे ठेवा."