दिवा पेटला, असं मी म्हणाले

प्रिय ठिणगी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझे आजोबा शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकतात. डोळे अधू झाल्यापासून कान सशाचे झालेत. शुद्धलेखन काढत बसू नकोस. मी शाळा सोडली की शाळेने मला, हे आता दोघींनाही आठवत नसेल.

गाडी बंद पडलीय हे तुला कळलंच आहे. तीच विलायती, दोन सीटची, बिनछपराची. जन्मभर लोकांच्या गाड्यांचं वायरिंग केलं आणि स्वतःसाठी घेतली ती ही, भंगारवाल्यानेही तोंड वाकडं केलेली. पाऊस आला की माणसं भिजायची आणि ऊन तापलं की इंजिन रुसायचं. माझी सासूसुद्धा इतकी मानी नव्हती. पण सकाळी उठून हा माणूस आधी तिला हात लावून यायचा, मग चहा मागायचा, त्यामुळे मीही कधी तिला विकायला लावलं नाही.

त्यांची शिकवणी तुला आठवतच असेल. तपकिरी तार थेट बॅटरीची, ती कधी झोपत नाही. पांढरी किल्ली फिरवली की जागी होते. हिरवी फ्यूजमधून येते आणि काळी सगळ्यांना घरी परत नेते. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पाना ठेवून तू ठिणगी हे नाव मिळवलंस तेव्हा मी बोंब मारली होती, आणि ते म्हणाले होते, आता ही विसरणार नाही. बिघाड शोधायला दोघं लागतात हेही त्यांचंच. एकाने सुई टोचायची, दुसऱ्याने टेस्टचा दिवा बघून पेटला की नाही ते सांगायचं. पेटला म्हणजे तिथवर वीज आली. तू नोकरीला गेलीस आणि तो दिवा माझ्या हातात आला.

डॉक्टरने सांगितलंय की नजरेचा मधला भाग गेला, कडेचं तेवढं दिसतं. समोर बसले तर माझं तोंड दिसत नाही, कानातलं दिसतं. मी म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी एकाची तरी सुटका झाली. ते हसले. तेव्हा हसत होते. गाडी चालवू नका असंही डॉक्टरने सांगितलं होतं. ते यांनी, रात्रीची चालवू नका, असं ऐकलं.

आता ऐक बिघाडाचं. किल्ली फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टकटक करायला हवा. तो गप्प. ते फ्यूजच्या डबीपासून निघाले, पांढऱ्या तारेवर सुई टोचली आणि विचारलं. मी म्हणाले, पेटला. मग मागे पंपापाशी टोचली. तिथे नाही पेटला. म्हणजे बिघाड या दोहोंच्या मधे. त्यांनी गालिचा उचकटला, सीट काढली, चाचपडत डबीपासून पंपापर्यंत नवी तार टाकली, एकेक टोक खरवडून. किल्ली फिरवली, तरी शांत. पुन्हा डबी, पेटला. पुन्हा पंप, नाही. मग ते तिथेच फरशीवर बसले. म्हणाले, डबीत वीज आहे, तार नवी आहे, आणि पलीकडे पोचत नाही. असं होत नाही गं. वीज खोटं बोलत नाही, तेव्हा माझंच डोकं गेलं असणार.

त्या दिवसापासून हा माणूस मला गॅस बंद केलाय का ते विचारतो. मग पुन्हा विचारतो. गोळी घेतली का, नळ सोडलाय का, आज वार कोणता. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे तारांचे रंग पुटपुटत बसतात. परवा पांढरीच्या जागी हिरवी म्हणाले. चहा कपात तसाच राहिला.

अगं, डबीवर दिवा कधी पेटलाच नव्हता.

पाचर मीच मारली. शेवटचं आम्ही बाहेर पडलो तेव्हा वळणावर गाडीच्या आरशाला काहीतरी घासलं. यांनी विचारलं, फांदी होती का. मी वळून बघितलं. शाळेतली एक पोर भिंतीला चिकटून उभी होती, दप्तराचा पट्टा तुटलेला. मी म्हणाले, हो, फांदीच. आख्ख्या गल्लीला जिच्या जिभेचा धाक, तिला नवऱ्याला एवढं सांगता आलं नाही की तुम्हाला दिसत नाही, आता किल्ली द्या. त्याऐवजी ते आंघोळीला गेले तेव्हा मी डॅशखाली शिरले आणि किल्लीच्या मागचा स्क्रू फिरवून पांढरी तार ओढून काढली. त्यांची पाठ तिथवर वाकत नाही हे मला ठाऊक, आणि संशयही तिकडे जाऊ नये म्हणून डबीवर पेटला म्हणाले. वाटलं होतं, कंटाळून सोडून देतील. ते गाडी सोडायला तयार आहेत गं, पण स्वतःलाही सोडून द्यायला लागलेत.

काल धीर करून म्हटलं, माझंच बघण्यात चुकलं असेल, पुन्हा टोचून बघू. तर म्हणाले, तू पेटला म्हणालीस म्हणजे पेटलाच. म्हणून हे पत्र. ती तार मी परत जोडलेली नाही. जोडली तर गाडी चालू होईल, पण न सापडलेला बिघाड आपोआप बरा झाला तर हा माणूस आणखीच खचेल. तू ये आणि दिवा तू धर. पेटला नाही तर नाही म्हण, बाकी काही सांगू नकोस. मग बिघाड किल्लीच्या मागे आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागणार नाही, डॅशखाली वाकायचं तेवढं तू वाक. आणि तार आपणहून निघत नाही, स्क्रू कुणीतरी फिरवावा लागतो, हेही त्यांना तिथेच कळेल. तेव्हा तू मधे पडू नकोस, मी शेजारी उभी असेन. एकदा पंपाची टकटक त्यांना ऐकू दे. मग किल्ली मी मागून घेईन, तोंडाने, आणि ती फांदी नव्हती हेही सांगेन.

तुझीच,
नको तिथे जीभ चालवणारी आणि हवी तिथे गिळून बसलेली,
आजी