गल्लीची मागणी एकच असावी

चि. गुंडू यास थोरल्या आक्काचा आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण आहे, ती कोल्हापुरात दिलेली आहे आणि अजून जिवंत आहे, एवढं आठवावं म्हणून हे पत्र. गडहिंग्लजहून कोल्हापूरला दिवसभर एस.टी. धावतात. त्यातल्या एकीनंही तुला आठवण करून दिली नाही, म्हणजे चूक गाड्यांचीच असणार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व खुशाल, असं बाळासोनं रिवाजाप्रमाणं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. (पत्र माझा लेकच लिहितोय. मला अक्षर येत नाही आणि त्याला अक्षराशिवाय दुसरं काही येत नाही, म्हणून आम्हा मायलेकांचं जमतं.)

खुशाल नाही ते असं. आमच्या गल्लीत बायकांचा म्हणून जो एकुलता एक संडास आहे, त्याची रस्त्याकडची भिंत गेल्या पावसात बसली आणि दार गल्लीतल्याच कुणीतरी बंबात घातलं. (बाळासो म्हणतो, पत्रात असलं लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग मामाला काय नुसत्या आरत्या लिहून पाठवायच्या?) तेव्हापासून आम्ही बायका पलीकडच्या पेठेत जातो आणि तिथल्या बायकांची बोलणी खाऊन येतो. मागच्या पंधरवड्यात आपली सून, बाळासोची रंजना, सहावा महिना लागलेला, तिथल्या ओल्या दगडावर घसरून पडली. पोटाला लागलं नाही ही अंबाबाईची कृपा. डॉक्टर म्हणतात, फार चालू नको. पण पलीकडची पेठ काही अंथरुणापाशी चालत येत नाही. तिनं ट्रंक भरून ठेवलीय, मंगळवारी भाऊ न्यायला यायचाय. मला म्हणाली, "आत्याबाई, मी म्हायेरला जातो ते तितं भिंत हुबारून दार लागल्यावरच येतो. न्हाई लागलं तर नातवंडाला बघायला तुम्हीच या." रागानं बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. ती शांतपणे बोलली, आणि ट्रंकेला कुलूप घातलं.

आता ऐक. पालिकेनं यंदा नवंच खूळ काढलंय. सालाचं अंदाजपत्रक करायच्या आधी साहेब गल्लीगल्लीत येऊन लोकांना विचारणार, तुमच्यात आधी काय करू. मला वाटलं, देव पावला. पण अट अशी, की गल्लीची मागणी एकच असावी. दोन सांगितल्या, वाद घातला, तर त्या गल्लीचा नंबर पुढच्या साली. पुढच्या सालापर्यंत रंजनाचं पोर रांगायला लागेल, तेही दुसऱ्याच्या अंगणात. तेव्हा एकमत करायला सभा बोलावली, आणि बोलावली कुठं, तर तालमीत. तिथं मारुती, म्हणून बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही. मग झाडून सगळ्या बायका रस्त्यात, खिडकीशी उभ्या. आत वस्ताद हंबीरराव बोलले, की तालमीचे पत्रे गळतात, माती भिजते, गल्लीची अब्रू जाते. (आम्ही बिनदाराच्या जागी बसलो तर ती जात नाही. अब्रू पत्र्यावर राहते, हे मला या वयात कळलं.) पत्र्याच्या बाजूचे हात वर करा म्हटल्यावर आतले हात वर झाले. मग भिंतीच्या बाजूचे म्हटल्यावर रस्त्यावर बांगड्या अशा वाजल्या की टांग्याचं घोडं बुजलं. हंबीररावांनी खिडकीकडं बघितलं आणि निकाल दिला, "उंबऱ्याभायेरचं हात मोजायचं न्हाईत." आणि मोजत कोण होतं? तालमीचे सेक्रेटरी, श्रीयुत बाळासो. (इथं त्याचं पेन अडलं. लिही म्हटलं.)

मग मीही आमची म्हैस सोडून आणली आणि तालमीच्या दारात आडवी बांधली. मनात हे, की ती हलेपर्यंत पुरुष आत कोंडलेले राहतील आणि झक मारत आमचं ऐकतील. पण तिला आतल्या भिजवलेल्या हरभऱ्यांचा वास लागला. दावं तोडून ती उंबरा ओलांडून आत गेली आणि ताक-तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत ऐसपैस बसली. बाईमाणूस असून तिला कुणी अडवलं नाही. उलट वस्तादांनी स्वतः तिच्या कपाळावर खाजवलं, कारण त्यांच्या रोजच्या दुधाची धार तिचीच. म्हशीला चालतं, म्हशीच्या मालकिणीला चालत नाही. पण मातीत बसून तिनं जे करायचं ते केलं. (तिला ना भिंत लागते ना दार. नशीबवान जात.) आखाडा बाटला, पोरं खवळली, दोष माझ्या माथी. त्यांनी मला उंबऱ्यावर हात ठेवून (बाहेरून) शपथ घ्यायला लावली, की सोमवारी साहेबापुढं त्या भिंतीबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. घेतली. खिडकीशी उभ्या बायका माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मीच ती भिंत पाडलीय.

बाळासो त्या दिवसापासून रंजनाच्या समोर जात नाही. जेवायला बसतो तोही पाठ करून. त्यानं तालमीला शब्द दिलाय, म्हणतो. बायकोला दिला होता की नाही, ते त्याला आठवत नाही.

तेव्हा गुंडू, मी आता गप्प आहे. पत्रे आधी आणि भिंत मागनं, गल्लीचं एकमत झालं, असं बाळासोनं लिहिलंय ते मी राहू दिलंय. पत्र तो चिकटवणार होता. मी म्हटलं ठेव, शितं लावून मी चिकटवते, तू जा तालमीला.

तुझी,
आक्का

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल, घाबरू नकोस. हे शेजारच्या नजीराच्या हातचं, बाळासो गेल्यावर लिहून घेतलेलं. तिचा नवरा रफिक पालिकेची जीप चालवतो. त्यानं खबर आणलीय, की मोठे साहेब रजेवर गेलेत आणि सोमवारी त्यांच्या जागी जो साहेब येणार, ती बाई आहे. तालमीला याचा पत्ता नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि मी गप्प राहायची शपथ घेतलेली. बाईला मारुतीपुढं नेता येणार नाही, रस्त्यात उन्हात बसवता येणार नाही, आणि तालमीसमोर सावलीत बसायला घरापुढचा सोपा एकच आहे, तो माझा. हंबीरराव बोलायला लागले की दुपार सरते. मी शपथ मोडणार नाही. पावण्या बाईपुढं ताटली ठेवीन, रिकामी झाली की भरीन. मग कधीतरी ती कानाशी येऊन विचारेलच, की मावशी, जायची सोय कुठाय. मी नुसतं बोट दाखवीन, त्या बिनदाराच्या जागेकडं. सोबत म्हणून रंजनाला पाठवीन, हळूहळू चालत, गल्लीच्या सगळ्या पुरुषांसमोरून.

आणखी एक ता. क. एवढ्यासाठीच पत्र. रविवारच्या गाडीनं, ओळखीच्या कंडक्टरकडं, तुझ्या नदीकाठच्या वाळूतली चार मोठी कलिंगडं पाठव. थापटून बघ, पाण्यानं गच्च असू देत. मीठ आमच्यात आहे. केळी मात्र एकही पाठवू नकोस. केळी खाल्लेलं माणूस जागचं हलत नाही.