गेम्सकारचे अठ्ठावीस अंश

९ जानेवारी
इन्सब्रुकहून दोन बस बदलून पोचलो एकदाचा. थेक्लाबाईंच्या गेस्टहाऊसमध्ये शेगडीशेजारची खोली मिळाली आणि पावाचे गोळे घातलेलं गरम सूप. काम नेहमीचंच. आखलेल्या मार्गांबाहेर लोक स्कीवरून जिथे उतरतात, ते उतार चढून मोजायचे. खाली कडा आहे का, बर्फ निसटेल का ते बघायचं. सोपा, अवघड की जीवघेणा ते ठरवून सही करायची. सव्वीस वर्षं हेच करतोय. गुडघे कुरकुरतात, पण आज मन प्रसन्न आहे.

११ जानेवारी
चार उतार झाले. पाचवा, गेम्सकार, राहिला होता. पाय उचलेनात. जुन्या नोंदीत ‘अठ्ठावीस अंश, सोपा’ असं होतं. तेच उतरवून सही ठोकली. असं आजवर कधी केलं नव्हतं. लाज वाटली, पण झोप त्याहून जास्त आली होती.

१२ जानेवारी
मन खाऊ लागलं, म्हणून सकाळीच गेम्सकार चढायला गेलो. अर्ध्यावर, खडकापाशी दम संपला. कोनमापक टेकवलं. एकतीस. इथला म्हातारा वाटाड्या कॉर्बिनियन हसत सुटला. म्हणाला, मोजणीसाहेब, उतार नाही हो वाढत, वय वाढतं.

१४ जानेवारी
त्याच खडकापाशी अडतीस. कॉर्बिनियनने तेच कोनमापक टेकवलं, तर अठ्ठावीस. पुन्हा मी, तर अडतीस. त्याचं हसू मावळलं. चढूनच सही केलीत ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. केली नसेल तर आधी माथ्यावर जाऊन या, म्हणाला. आधीच्या मोजणीसाहेबाने अशीच न चढता सही केली होती, तो अंथरुणातच मेला म्हणे. हाडं मात्र कड्यावरून पडल्यासारखी मोडली होती.

१५ जानेवारी
पंचेचाळीस. माथा चाळीस पावलांवर होता. बसलो, तर उठवेना. रडलो. परत फिरलो. सही रद्द करा म्हणून कार्यालयात फोन केला; उतारांची पत्रकं छापून झाली म्हणे.

१६ जानेवारी
जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी — थेक्लाबाई ताट घेऊन सहज चढून गेल्या. सकाळी सकाळीच घेतलीत वाटतं, म्हणाल्या. खोलीतल्या जमिनीवर कोनमापक टेकवलं. बावन्न. भीती वाटते.

१७, दुपार
सूप वाटीत स्थिर आहे. पलंग जागचा हलत नाही. फक्त मीच — पाय पलंगाच्या दांडीत अडकवून लिहितोय. एकाहत्तर. थेक्लाबाई दारात सरळ उभ्या. हात द्या, उठा, म्हणतात. त्यांचा हात किती वर —

कॉर्बिनियनशी खोटं बोललो. गेम्सकार मी चढलोच नव्ह—