मयेच्या विरीची ताटं

॥ श्री ॥
मये, ५ जानेवारी २०२५

ती. सुलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर बोलले की स्नेहा कान देते. तुझी भाची पुण्याला निघाली गो! आमच्या बागायतीत गळणाऱ्या पोफळीच्या झावळ्यांच्या बुडाशी असतात त्या रुंद विऱ्यांची जेवणाची ताटं करायचा तिचा उद्योग जत्रेपर्यंत जमला नाही, तर तिकडची नोकरी धरणार म्हणते. जमणार कसा? ही इथे कागदावर खोलगट, गोल गरगरीत ताट काढते, आणि तुझा गौरेश तिथे एकटाच यंत्र बनवतो. निम्मी विरी कापून फुकट जाते, उरलेल्या ताटाला चीर पडते. ही म्हणते, दादाचं यंत्र म्हणजे रेडा, धडक देण्यापलीकडे अक्कल नाही. जत्रेच्या जेवणावळीला देवळाचे लोक थर्माकोलच्या ताटांचं बोलू लागलेत. ताई, एकुलती एक लेक आहे माझी. काहीतरी कर.

लोभ आहे तो वाढव.
तुझी सत्या

॥ श्री ॥
मांद्रे, ९ जानेवारी

चि. सत्यवतीस,
अ. उ. आ.

रडू नकोस. गौरेशही म्हणतो, बाईसाहेबांचं ताट भिंतीवर टांगायला बरं. दोघांना एका बाकावर बसवायला हवं. आपण तशा बसलो की शाळेत काय काय घडायचं, ते सिस्टर फिलोमिनांना विचार!

स्नेहाला सांग, मावशीचा गुडघा धरलाय. पुढच्या शनिवारी आली की दिवसभर यंत्रावर उभी करते. रविवारी गौरेश तिला सोडायला येईल, तेव्हा त्याला त्याच्याच ताटात जेवायला वाढ. सोलकढी पातळ कर. गुडघा ठणठणीत आहे.

माया राहू दे, आणि तोंड बंद.
तुझी ताई

॥ श्री ॥
मये, २७ जानेवारी

ती. सुलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

पांढरी पँट घालून आला गो! सोलकढी चिरेतून थेट मांडीवर. स्नेहा हसून हसून लोळली. तो म्हणाला, काल कापून फुकट गेलेल्या विऱ्यांचा ढीग बघून तुझं तोंड कसं झालं होतं ते सांगू का मावशीला? मग दोघं दारापुढच्या बाल्कांवात विऱ्या पसरून बसली. विरी मुळात होडीसारखी लांबट, तर ताटही तसंच काढू, असं ही म्हणाली. तो म्हणाला, तर मग साचा उथळ करतो, म्हणजे चीर नाही. आणि जे थोडे तुकडे निघतील, त्यांच्यावरच यंत्र तापवू. मध्ये दोनदा भांडली. मी चहाचे कोप ठेवून आत पळाले.

काल देवळाच्या मंडळींनी नव्या ताटात भाज्यांचं रसदार खतखतं वाढून बघितलं. थेंब सांडला नाही. जत्रेला आपलीच ताटं! पुण्याला नकार गेला.

तुझ्या पायावर डोकं.
सत्या

॥ श्री ॥
मांद्रे, ४ फेब्रुवारी

चि. सत्यवतीस,
आशीर्वाद देते, पण दात-ओठ खाऊन.

तुझ्या लेकीने आणि माझ्या लेकाने आता नवीन शोध लावलाय. विऱ्या मयेत आणि यंत्र मांद्र्यात, मग टेंपो रोज धूर सोडत फिरवायचा कशाला? यंत्रच विऱ्यांकडे न्यायचं! आज सकाळी टेंपोत यंत्र चढवलं, त्यावर गौरेशची गादी. तुझी स्नेहा पुढच्या सीटवरून मला टाटा करत होती.

आता ऐक. त्याला हाक मारून जाग येत नाही, पंखा बंद करावा लागतो. सोमवारी मासे मागेल, देऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी त्याला घरी पाठव, नाहीतर मी तिकडे येऊन बसेन.

तुझा लोभ मोठा आहे, ठाऊक आहे मला. माझ्या मुलावर जरा बेतानेच कर.

तुझी ताई