वासाचं खातं माझ्याकडे

१२ फेब्रुवारी
नाक बंद. दोन्हीकडून. डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाल्या, जुनाट सायनस आहे, आत मस वाढलेत, वास येणं कमी होत जाईल, ऑपरेशनचा विचार करा. जुनाट कसलं? साधी सर्दी आहे. अकरा वर्षांपासून आहे, एवढंच. दोष सगळा द्वारका चौकातल्या धुळीचा. संकल्प : नाकात घालायचे थेंब आजपासून बंद. सवय त्यांचीच लागलीय. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

१३ फेब्रुवारी
बाटली परत काढली. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक चालत नाही.

९ मार्च
वत्सलाच्या काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी सुरू. रिटायर झाल्यापासून या घरात माझ्याकडे एकच खातं आहे, वासाचं. भाजणं, कुटणं बायकोचं. मग तिने वाटी माझ्या नाकाखाली धरायची, मी डोळे मिटून 'पास' म्हणायचं, आणि त्यानंतरच पाकिटं बंद करायची. बाकी कशात मला कोणी विचारत नाही. आज वाटी आली. डोळे मिटले. काहीच आलं नाही. म्हणजे मसाला सौम्य झालाय. पास.

१८ मार्च
सटाण्याहून वत्सलाच्या कुसामावशीचा फोन. मसाला खवट शे, अहिराणीत म्हणाली. खोबरं जुनं होतं म्हणे. मावशीने तो सगळ्या गल्लीत खपवला होता. वत्सलाची मान खाली गेली. कांद्याच्या गावात राहून मावशीचंच नाक बिघडलं असणार.

२ एप्रिल
कपाळावर पाटा ठेवल्यासारखं जड. वाकलं की डोळ्यांमागे ठणका. झोपेत तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा. कंटाळा आलाय या डोक्याचा. वाफ घ्यायचं ठरवलं होतं, पण उकाडा फार.
दूध गॅसवर ठेवून तिथंच पेपर वाचत बसलो. वत्सला गच्चीवरून धावत आली. पातेलं काळंठिक्कर. म्हणाली, अहो, वास नाही आला? मी सांगितलं, अग्रलेख गंभीर होता. ती माझ्याकडे बघत बघतच पातेलं घासायला घेऊन गेली.

२४ एप्रिल
वाटी नेमाने येते. एकही तक्रार नाही. नाक पुन्हा फॉर्मात. ऑपरेशन कॅन्सल. पाकिटांवर 'नाकपास' असा शिक्का मारावा, अशी सूचना केली. वत्सला हसली.

६ मे, दुपार
वत्सला शेजारच्या उजमाकडे गेली होती, तिला बोलवायला गेलो. दार उघडंच. उजमा वाटीत नाक घालून तिला सांगत होती, भाभी, एकदम पास, भरून टाका. पास! माझा शब्द. हाक न मारताच परत आलो.

६ मे, संध्याकाळ
पाकिटं बंद होऊन पिशवीत भरलेली दिसली. तरी वत्सला वाटी घेऊन आली. अहो, बघा जरा. डोळे मिटले. 'पास' म्हणायच्या आधीच उघडले. फार वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, मला वास येत नाही गं. म्हणाली, दूध करपलं तेव्हाच कळलं. मग वाटी कशाला आणतेस? तर म्हणाली, डोळे मिटून बसता तेवढा वेळ तरी तुमची कुरकुर बंद असते.
वाटी मात्र तिने खाली ठेवली नव्हती. मी पुन्हा डोळे मिटले आणि पास म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तिखट जरा जास्त पडलंय.