कपाटातले सात गणवेश

मंगळवार, सकाळ
(तुमच्याकडच्या मतदानाला नऊ दिवस)

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि मुलं खुशाल आहात असं धरून चालतो. सभांमुळे तुझा घसा बसला असणार. कोमट पाण्याच्या गुळण्या कर आणि पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढवू नकोस. लहानपणापासून सांगतोय, कधी ऐकलंस?

बाबा बरे आहेत. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, तरी सुईत दोरा स्वतःच ओवतात. मदतीला गेलं की खेकसतात. हे पत्र ज्यात आहे तो कोट त्यांनीच शिवलाय. मावशी सीमा ओलांडून तुमच्याकडे येतेय, तिला एवढंच सांगितलंय की अस्तर उसवायला सांग. तू हे वाचतेयस म्हणजे तिने निरोप पोचवला.

मी तुझी सगळी भाषणं ऐकतो. कौतुकाने नव्हे, ते माझं काम आहे. आमच्या कचेरीच्या दारावर ‘भाषांतर विभाग’ अशी पाटी आहे. तुमची-आमची भाषा एकच, मग भाषांतर कसलं करतात, हे तेरा वर्षांत कुणीही विचारलं नाही. तुमच्या वर्तमानपत्रांना तुमच्याच नागरिकांच्या नावाने जाणारी पत्रं आम्ही लिहितो. तुमच्या बाजारातल्या अफवाही आमच्याच टेबलावर जन्मतात. या वेळी हुकूम होता की तुमचे निवृत्त सेनापती निवडून आले पाहिजेत, कारण आमच्या फौजेला तुमचं बंदर द्यायचं त्यांनी कबूल केलंय. त्यांच्यासमोर उभी कोण, तर एक शाळामास्तरीण. माझी बहीण.

मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, “जमेल ना? घरचं माणूस आहे.”

“घरचं आहे म्हणूनच जमेल,” मी म्हणालो. एका क्षणात म्हणालो, चिमे. त्या क्षणाची मला लाज वाटते, पण तो खोटा नव्हता.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते? मी टाकीवर उभा राहून वाक्य म्हणायचो, तू खाली उभी राहून तेच परत म्हणायचीस. वर्षानुवर्षं स्पर्धेत मी पहिला, तू दुसरी. मग एका वर्षी तू पहिली आलीस, माझ्याकडून शिकलेल्या वाक्यांवर. बाबांनी दुकान बंद ठेवून तुझं भाषण ऐकलं होतं. माझ्या एकाही भाषणाला ते आले नव्हते. मी त्या दिवशी तुझं अभिनंदन केलं नाही. आज एक्कावन्नाव्या वर्षीही करवत नाही.

तर कामाचं सांगतो. तुझ्या आवाजाची एक ध्वनिफीत तयार करायची होती. बंद खोलीत, कार्यकर्त्यांपुढे बोलताना तू सापडलीस असं दाखवायचं, आणि तुझ्या तोंडी घालायचं की सैन्य मोडा, बराकी रिकाम्या करा. लोक चवताळतील आणि सेनापतींचं काम होईल. आमच्याकडे एक नकलाकार बाई आहेत, कुणाचाही आवाज काढतात. त्या तुझा आवाज इतका हुबेहूब काढतात की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकून उभा राहिलो. शब्द माझे.

बावळट भाषण लिहायला हवं होतं. बसलो तेव्हा तसंच ठरवलं होतं. पण दोन ओळी लिहिल्या आणि हात वळेना. वाईट भाषण मला लिहिता येत नाही, तेही तुझ्या नावावर! लोक म्हणाले असते, हिला बोलता येत नाही, आणि मग हिला शिकवलं कुणी? मी फाडलं, पुन्हा लिहिलं. बाबांच्या कपाटातले सात गणवेश त्यात कधी आले ते मलाच कळलं नाही. सात पोरांनी दुसरा जोड शिवायला टाकला होता, ‘परत आल्यावर नेतो’ म्हणून. शिंपी अजून दर महिन्याला ते बाहेर काढतो, झटकतो आणि पुन्हा टांगतो, कारण माप घेतलेला माणूस त्याला विसरता येत नाही. अशा ओळी होत्या.

साहेबांनी वाचलं नाही, विषय बघून मंजूर केलं. अठरा दिवसांपूर्वी फीत तुमच्याकडे पसरली. लोकांनी तुला शिव्या द्यायच्या होत्या. ते रडले. तिसऱ्या दिवशी तू चौकात उभी राहिलीस आणि म्हणालीस, “हा आवाज माझा नाही. पण या शब्दांखाली मी सही करते.” आणि सगळं भाषण स्वतःच्या तोंडाने म्हणालीस.

आणि ‘परत आल्यावर नेतो’ या शब्दांनंतर थांबलीस. मी तिथे थांबा लिहिला नव्हता. मला तो सुचला नव्हता! चाळीस हजार माणसं त्या शांततेत उभी होती आणि मी इकडे कानाला यंत्र लावून दात आवळत बसलो होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण, त्याच्या टाळ्या तुला, आणि वर ते माझ्यापेक्षा तू चांगलं म्हणालीस. त्या दिवशी मी जेवलो नाही.

घरी आलो तर बाबा रेडिओजवळ बसले होते. म्हणाले, “काय बोलली पोरगी!” मी तोंडाशी आलेलं गिळलं.

आता मुद्द्यावर येतो, कारण वेळ नाही. साहेबांनी मला दुसरी फीत लिहायला लावली आहे. मतदानाच्या दोन दिवस आधी ती बाहेर येईल. त्यात तू परक्या सरकारकडून मदत घेतल्याची कबुली देतेस. या वेळी साहेब माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते. “साहित्य नको. साधं लिहा,” म्हणाले. मी साधं लिहिलं. ते चालेल, चिमे. त्याने तू बुडशील.

आमच्याकडे कच्च्या कागदांवर कुणी सही करत नाही आणि संध्याकाळी सगळे कागद पोत्यात भरून जाळायला जातात. दोन्ही वेळा मी पोत्यात कोरे कागद टाकले. दोन्ही भाषणांचे कच्चे कागद याच अस्तरात आहेत. अक्षर माझं, दुसऱ्यावरच्या लाल पेन्सिलीतल्या दुरुस्त्या साहेबांच्या. फीत बाहेर पडायच्या आधीच छाप.

माझी मतं बदलली, असं समजू नकोस. ज्या देशाच्या हातात बळ नाही त्याचं कुणी ऐकत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तुमच्याकडे लोक आपलं सरकार निवडताहेत, आणि मी त्यांच्या तोंडात माझी जीभ घालतोय. हे बळ नाही. बळ असतं तर कचेरीच्या दारावरची पाटी खरी असती.

काल रात्रीच्या जेवणाआधी बाबांना कागद दिले आणि सांगून टाकलं, “बाबा, ते भाषण मी लिहिलं होतं.”

दातात दोरा धरूनच ते म्हणाले, “ठाऊक आहे.”

“कसं?”

“ती लग्न होऊन गेली तेव्हा ते कपाट रिकामं होतं. गणवेश नंतर आले. पंधरा दिवस बघतोय, कधी सांगतोस.”

मी विचारलं, आणि हे विचारताना मी पुन्हा चौदा वर्षांचा होतो, “कसं होतं?”

त्यांनी दोरा तोडला. “चांगलं होतं. अकरा वर्षं उशिरा झालं.”

चिमे, तुला हे कुणी सांगितलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी लढाई लागली तेव्हा आमच्या चौकात भरतीचं भाषण मी केलं होतं. ते ऐकून ती सात पोरं तिथूनच नावं नोंदवायला गेली, आणि जाताना बाबांच्या दुकानात मापं देऊन गेली. त्या भाषणालाही टाळ्या पडल्या होत्या. खूप.

आज साडेदहाला नेहमीसारखा कचेरीत जाणार आहे. तू छापलंस की मला घ्यायला येतील. बाबांचं जेवण शेजारच्या काकूंवर सोपवलंय. मागणं एकच: पहिलं भाषण छापशील तेव्हा त्याखाली माझं पूर्ण नाव घाल. तुझं नको. ते मला कुणाशी वाटून घ्यायचं नाही, तुझ्याशी तर नाहीच. आणि भरतीच्या भाषणाची हकीकतही छाप, त्याखालीही माझंच नाव असू दे.

तो थांबा मात्र तुझा. तसं लिही हवं तर.

त्या भाषणांचा लेखक,
आणि मग तुझा दादा

(क्रम उलटा झालाय, कळतंय मला. राहू दे.)