खोटा बाद नको

प्रिय कुमे,

मिदोरीनं तुझा निरोप पोचवला. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बेसबॉलच्या मैदानावर माझा कॅचर होतास तेव्हापासूनची खोड आहे ही. कुठला बॉल टाकायचा याची खूण तू बोटांनी करायचास, मी मान हलवून नाही म्हणायचो आणि तू पुन्हा तीच दाखवायचास. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहितोय.

इथे अनानला उन्हाळा चढलाय. सकाळी सराव असतो आणि दुपारी मी सुदाची लिंबांच्या बागेत काम करतो, कारण या छोट्या लीगच्या पगारात कुणाचंच भागत नाही. टीममधली पोरं मला आजोबा म्हणतात. बसमध्ये पुढची आरामाची जागा माझ्यासाठी सोडतात आणि मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसतो. मिदोरी महिन्यातून एकदा नवऱ्याला बघायला येते. मी इकडे निघालो तेव्हा ती रडेल असं तुला वाटलं होतं ना? ती म्हणाली, "जा रे बाबा. घरी बसून माझं डोकं खाशील, त्यापेक्षा बॅटरांचं खा."

शाळेतून तुला आणि मला क्लबनं एकाच वर्षी उचललं, तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांनी आपलं लग्नच लावून दिलं होतं. कॅचर म्हणजे बॉल टाकणाऱ्या पिचरची बायको, असं म्हणायची पद्धतच आहे आपल्याकडे. माझा पहिला विजय आठवतो? पाऊस लागला होता, बॉल हातातून निसटत होता, आणि तू दर वेळी तो स्वतःच्या शर्टाला पुसून माझ्याकडे फेकत होतास. त्यानंतर चांगली वर्षं आली. मग कोपर गेलं. ऑपरेशन झालं, परत आलो, पण बॉलचा वेग काही परत आला नाही. दरम्यान तुझा गुडघा संपला आणि तू कोच झालास. तुझ्या निरोपाच्या सामन्यात तू ढसाढसा रडलास, मीही रडलो. तुझ्यासाठी ते योग्यच होतं, कुमे. तुझं खेळून झालं होतं.

माझं झालं नव्हतं. त्या शरदात क्लबच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा तू माझ्या शेजारीच बसला होतास. बोलणं किती गोड! निरोपाचा एक सामना. समोर एकच बॅटर. तो रीतीप्रमाणे तीनदा हवेत बॅट फिरवणार आणि बाद होणार. मग फुलं, मग सगळे मिळून मला वर उडवणार, आणि पुढल्या वर्षीपासून कोचाची नोकरी. तू मान डोलावत होतास. मी नको म्हणालो. साहेब चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "मग इसोगाई-सान, आम्हाला तुम्हाला सोडावं लागेल." मी म्हणालो, "सोडा."

सोडलेल्या खेळाडूंच्या चाचणीत मी बॉल टाकले, पण एकाही क्लबचा फोन आला नाही. फोन आला तो इथून. इथला कोच माझ्याहून लहान आहे. त्यानं पहिल्याच दिवशी माझा हात खाली आणला. म्हणाला, वरून टाकायचे दिवस गेले, आता बाजूनं टाका. सगळा हिवाळा मी नवशिक्यासारखा वेडेवाकडे बॉल टाकत होतो. वसंतात तो बॉल बॅटरच्या गुडघ्यापाशी येऊन बुडायला लागला. आता बॅटर चुकतात, आणि ते खरोखर चुकतात.

गेल्या शनिवारी आपल्या क्लबची दुसरी, राखीव पोरांची टीम इथे खेळायला आली. आम्ही सामना हरलो, ते तुला कळलंच असेल. बाकीचं कळलं नसेल. तुझा रित्सु चौथा बॅटर होता. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि तीन बॉलना अशी बॅट फिरवली की बॉल एकीकडे, बॅट दुसरीकडे. बघायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

तो पुन्हा खेळायला आला तेव्हा मी अंपायरकडे वेळ मागितली, बॉल टाकायच्या उंचवट्यावरून उतरलो आणि त्याच्यापाशी गेलो. म्हणालो, "रित्सु, मी अजून मेलेलो नाही. फुलं नंतर वाहा."

तो खाली बघत पुटपुटला, "बाबांनी सांगितलंय, काका."

"तुझ्या बाबांना काय सांगायचं ते मी बघतो. आता पहिला बॉल तुझ्या छातीजवळून जाणार आहे. उभं राहायचं असेल तर नीट उभा राहा."

आणि तसाच टाकला. तो मागे कोसळला, उठला, पँट झटकली. नमस्कार केला नाही. मग झुंज झाली, कुमे. माझे चांगले बॉल तो कसेबसे कडेला ढकलत राहिला. शेवटी मी बुडणारा टाकला, या वर्षातला माझा सगळ्यात चांगला बॉल. पोरानं तो खालून उचलून कुंपणापलीकडच्या भातशेतात नेऊन टाकला. मी खवळलो. हातमोजा मांडीवर आपटला. पुढच्या दोघांना रागारागात बाद केलं. किती वर्षांनी असा राग आला होता!

सामन्यानंतर रित्सु कपडे न बदलताच आला. तुला हे सांगू नका म्हणाला. तुझा शब्द मोडला म्हणून तुला वाईट वाटेल अशी भीती आहे त्याला. मी कबूल झालो नाही. तू त्याला ते प्रेमानं सांगितलंस हे मला माहीत आहे. पण ज्याला आपण मुद्दाम जिंकू देतो, तो आपल्या लेखी संपलेला असतो.

तर पत्राचं कारण हे. तू माझ्यासाठी साहेबांकडे पुन्हा शब्द टाकलास, शरदातला निरोपाचा दिवस ठरवलास, आणि समोरचा बॅटर म्हणून रित्सुचं नाव दिलंस, असं मिदोरी म्हणाली. तो दिवस रद्द कर. मी येणार नाही. त्याच आठवड्यात तुमची टीम पुन्हा इकडे यायची आहे. रित्सुला घेऊन ये, तूही ये, आणि त्याला शिकव तो बुडणारा बॉल पुन्हा कसा मारायचा ते. मी तोवर तो आणखी खाली नेतोय.

तुझाच, आणि अजून खेळणारा,
कोहेई